मुक्त प्राण्याच्या मेंदूचा वेध



आपल्या मुलखातील एका वाघाची हकीकत आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. नागझिऱ्याच्या जंगलातला ‘जय’ नावाचा नर वाघ २०१३ च्या सुमारास तेथून निघाला आणि गावे, धानाची शेते, नाले व रहदारीचे रस्ते ओलांडीत उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जाऊन स्थिरावला. हे अभयारण्य नागपूर आणि भंडारा ह्या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. आपल्या पवनी तालुक्याचा काही भाग त्यात येतो. पुढे वन्यजीवशास्त्रज्ञांनी ह्या वाघाच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधला. तो पट्टा वाघाचा ठावठिकाणा कळवीत असे. एप्रिल २०१६ मध्ये पट्ट्याचा संदेश बंद पडला, आणि त्यानंतर जयचा निश्चित माग कोणालाही लागला नाही.

वाघ कोठे आहे हे पट्टा माणसांना सांगत होता. पण आपण कोठे आहोत हे त्या वाघाला कोण सांगत होते? न पाहिलेल्या मुलखातून रात्रीच्या वेळी चालताना मागे काय राहिले, पुढे कोणत्या बाजूला वळावयाचे, पाणी कोठे लागले होते, ह्याचा हिशेब त्याच्या डोक्यात कोणत्या रीतीने राहत असेल? प्रश्न लहान मुलालाही सुचण्यासारखा आहे. परंतु त्याच्या उत्तराला हात घालावयास शास्त्राला फार उशीर लागला. जनावराच्या मेंदूत डोकावयाचे तर आधी जनावर जखडून टाकले पाहिजे, अशी कितीतरी वर्षे समजूत होती आणि अडचणही होती. जखडलेल्या जनावराला ‘तू कोठे चाललास?’ असे विचारण्यात अर्थच नव्हता. जनावर मोकळे सोडण्याची विद्या साधली तेव्हाच उत्तर येऊ लागले. ती विद्या कशी साधली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ ज्या वर्षी झाला ते वर्ष आपल्याला परके नाही. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली. आज आपण येथे जमलो आहोत ते त्याच परंपरेच्या एका फांदीखाली. त्याच १८७५ साली लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन नावाच्या डॉक्टराने एडिंबरो येथे वैद्यांच्या सभेपुढे असे निवेदन केले की, सशांच्या व माकडांच्या उघड्या केलेल्या मेंदूवर विजेचे क्षीण प्रवाह खेळताना आपणांस आढळले आहेत. त्या काळी विवर्धक नव्हते. आरसा लावलेल्या नाजूक विद्युन्मापकाने भिंतीवर प्रकाशाचा ठिपका पाडावयाचा आणि तो ठिपका हलतो की काय हे पाहावयाचे, एवढीच सोय होती. ठिपका हलला. मेंदूचे काम विजेच्या भाषेत चालते ह्याचा तो पहिला दाखला.

जर्मनीत हान्स बर्जर ह्यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून अशा लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. आज इस्पितळात फेफऱ्याच्या रोग्याच्या डोक्याला तारा लावून जो आलेख काढतात, त्याचे मूळ तेथे आहे. परंतु ह्या लहरी म्हणजे लक्षावधी पेशींचा एकत्र गलबला. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. गावाबाहेरच्या बांधावर उभे राहिले म्हणजे मंडईचा गजर ऐकू येतो, दंडार रंगात आली की नाही तेही समजते. पण कोणत्या दुकानात कोण काय बोलले हे कळत नाही. त्यासाठी गर्दीत शिरून एकेका माणसाजवळ कान न्यावा लागतो. मेंदूच्या बाबतीत तो कान म्हणजे तार. एका मज्जापेशीच्या अगदी जवळ पोहोचेल अशी, टोक सोडून बाकी सर्व अंगाला विद्युत्‌रोधक लेप दिलेली बारीक तार.

अशी पेशी बोलते तरी कशी? इंग्लंडातील एडगर एड्रियन ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात एकेका मज्जातंतूतील स्पंदने टिपून दाखविले की, प्रत्येक स्पंदन सारख्याच आकाराचे असते. संवेदना तीव्र झाली की स्पंदन मोठे होत नाही, ते अधिक वेळा येते. ह्या कार्यासाठी १९३२ चे नोबेल पारितोषिक त्यांना शेरिंग्टन ह्यांच्यासमवेत मिळाले. एक स्पंदन सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात आटोपते. पेशीच्या बाहेर ठेवलेल्या तारेवर ते व्होल्टच्या जेमतेम दहाहजाराव्या भागाएवढे उमटते. आपल्या हातबत्तीतील सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचा पंधराहजारावा हिस्सा पकडावयाचा, आणि तोही पेशीच्या एवढ्या जवळ राहून की तार केसाच्या जाडीइतकी सरकली तरी आवाज हरवावा!

आता जनावराला जखडण्याचे कारण ध्यानात येईल. हॉर्सले आणि क्लार्क ह्यांनी १९०८ साली डोके घट्ट धरून ठेवणारी एक चौकट वर्णन केली. तिच्यामुळे मेंदूतील नेमक्या ठिकाणी सुई नेता येऊ लागली. पुढची कित्येक वर्षे भूल दिलेले जनावर आणि ही चौकट हीच प्रयोगशाळेची रीत झाली. त्या रीतीने पुष्कळ ज्ञान मिळाले हे नाकारता येणार नाही. परंतु भुलीतला मेंदू म्हणजे सुट्टीतली शाळा होय. खोल्या किती, फळे कोठे, घंटा कोठे टांगली आहे हे सर्व मोजता येते. शिकविणे कसे चालते हे मात्र कळत नाही. भूक, भीती, वाट शोधणे, गाणे, आठवण ह्यांपैकी एकही गोष्ट भुलीतल्या जनावराजवळ नसते.

ही कोंडी प्रथम फोडली झुरिकच्या वाल्टर हेस ह्यांनी. १९२० नंतरच्या काळात त्यांनी मांजरांच्या मेंदूत बारीक पोलादी तारा कायमच्या बसविल्या, जखम भरू दिली आणि मांजर शुद्धीवर येऊन हिंडूफिरू लागल्यावर त्या तारांतून सौम्य प्रवाह सोडला. एका जागी प्रवाह दिला की मांजर फिस्कारून अंगावर येई. दुसऱ्या जागी दिला की अंग मुडपून झोपी जाई. हेस मेंदूला सांगत होते, त्याचे ऐकत नव्हते. पण डोक्यात तार असलेले जनावर आपला नित्यक्रम चालवू शकते हे त्यांनी सिद्ध केले. १९४९ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

ह्याच वाटेवर स्वतंत्र भारताचेही पाऊल लवकर पडले होते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. डॉ. बाळकृष्ण आनंद ह्यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत ब्रोबेक ह्यांच्याबरोबर काम करताना उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागात, असे ठिकाण शोधून काढले की ते दोन्ही बाजूंना नष्ट केले असता उंदीर समोर अन्न असूनही खाईनासा होतो. दिल्लीस परतल्यावर १९५५ मध्ये त्यांनी व दुआ ह्यांनी दाखविले की, मांजराच्या मेंदूतील तेच ठिकाण विजेने उद्दीपित केले तर ते अधिक खाऊ लागते. पुढे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांनी छिना, बलदेव सिंग इत्यादी सहकाऱ्यांसह एकेका पेशीची स्पंदने टिपली, आणि रक्तातील साखर वाढली की भुकेच्या व तृप्तीच्या केंद्रांतील पेशींचे बोलणे कसे बदलते हे १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. भुकेसारखी रोजची गोष्ट पेशींच्या पातळीवर मोजण्याचे हे काम आपल्या देशात झाले, ह्याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही.

मोकळ्या प्राण्याच्या एकेका पेशीचे दीर्घकाळ ऐकण्याचा मान मात्र १९५८-५९ ह्या दोन वर्षांकडे जातो. फेलिक्स स्ट्रमवासर ह्यांनी १९५८ मध्ये खारीच्या जातीच्या जमिनीत बिळे करून राहणाऱ्या प्राण्यांत ८० मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे जवळजवळ आपल्या केसाएवढ्या, तारा बसवून कित्येक दिवस पेशींचे ध्वनी टिपले. डेव्हिड ह्यूबेल ह्या तरुण डॉक्टराने वॉशिंग्टनच्या लष्करी संशोधन संस्थेत टंगस्टनच्या तारेला विजेच्या साह्याने अणकुचीदार टोक आणले, वर लाखेसारख्या द्रवाचा लेप दिला, आणि ही युक्ती १९५७ मध्ये जाहीर केली. १९५९ मध्ये त्याने मोकळ्या मांजरांच्या दृष्टिकेंद्रातील पेशींचा वृत्तांत दिला. मांजर झोपले, जागे झाले, त्याने मान वळविली, आणि ह्या सर्व वेळी पेशीचे स्पंदन चालू राहिले. नुसता पसरट उजेड पाडला तर कित्येक पेशी दखलही घेत नसत. पण डोळ्यांपुढून हात हलविला की एखादी पेशी तडतडू लागे. ह्या बीजातूनच पुढे विझेल ह्यांच्याबरोबर दृष्टीविषयीचे ते मोठे संशोधन उभे राहिले आणि १९८१ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांकडे आले.

आता आपण आपल्या वाघाच्या प्रश्नाजवळ येतो. लंडनच्या विद्यापीठात जॉन ओकीफ हे उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींचे ध्वनी ऐकत होते. समुद्रघोड्याच्या आकारावरून ज्याला हे नाव पडले, तो हा मेंदूचा भाग माणसातही कानशिलाच्या आत असतो आणि आठवणींशी त्याचा निकट संबंध आहे. ओकीफ ह्यांनी उंदराला चौकटीत अडकविले नाही. डोक्यावर हलकी जोडणी, तिच्यापासून वर गेलेली लवचीक तार, आणि खाली हिंडणारा उंदीर, अशी त्यांची मांडणी होती. १९७१ मध्ये त्यांनी व दोस्त्रोव्हस्की ह्यांनी एक छोटा निबंध छापला. तपासलेल्या ७६ पेशींपैकी ८ पेशी अशा निघाल्या की, उंदीर मंचकाच्या एका विशिष्ट भागात विशिष्ट दिशेला तोंड करून असला म्हणजेच त्या बोलत. ७६ त ८! एखाद्याने हे अपवाद म्हणून सोडून दिले असते. ओकीफ ह्यांनी ओळखले की ह्या पेशी ‘मी येथे आहे’ असे सांगत आहेत. त्यांना स्थानपेशी असे नाव मिळाले. नॉर्वेतील मे-ब्रिट आणि एड्वर्ड मोझर ह्यांच्या गटाला २००५ मध्ये शेजारच्या भागात अशा पेशी सापडल्या की, उंदीर मोकळ्या जागेत फिरू लागला म्हणजे त्या ठराविक अंतरांवर बोलतात. ती ठिकाणे कागदावर मांडली तर मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी उमटते. जमीन मोजणाऱ्या अमिनाने साखळी टाकावी तशी ही जाळी प्राणी स्वतःच टाकीत जातो. २०१४ चे नोबेल पारितोषिक ह्या तिघांना देण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्थानपेशी भुलीच्या टेबलावर कधीच सापडली नसती. त्या जनावराला ‘येथे’ असा काही अर्थच नव्हता. प्राण्याला मोकळे सोडणे ही केवळ दयेची गोष्ट नसून सत्य जाणण्याची अट आहे, हे ह्या एका शोधाने कायमचे ठरविले.

ह्या क्षेत्रात पुढे आपल्याला जवळची वाटणारी नावे दिसू लागतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सचिन देशमुख ह्यांनी अमेरिकेत निरीम ह्यांच्यासमवेत काम करताना हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी दाखविल्या की, एखाद्या खुणेच्या वस्तूपासून ठराविक दिशेला ठराविक अंतरावर उंदीर आला की त्या बोलतात. हा निबंध २०१३ चा. ‘पिंपळापासून पूर्वेला वीस पावलांवर विहीर’ असे आपण पांथस्थाला सांगतो. खुणेवरून जागा ठरविण्याची हीच रीत उंदराच्या पेशींतही आहे, असे म्हणता येईल.

शंतनू जाधव ह्यांचा २०१२ चा प्रयोग आठवणींविषयी आहे. त्याआधी १९९४ मध्ये विल्सन व मॅकनॉटन ह्यांनी दाखविले होते की, उंदीर धावताना ज्या पेशी एकत्र बोलतात, त्याच पुढच्या झोपेत पुन्हा एकत्र बोलतात. जणू दिवसाचा धडा रात्री उजळला जातो. जागेपणी क्षणभर थबकलेल्या उंदराच्या मेंदूतही अशीच अतिजलद तरंगांची झुळूक येते. जाधव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकाराचा मार्ग केला. मधल्या वाटेने बाहेर पडताना मागच्या खेपेला कोणत्या बाजूस गेलो होतो हे आठवून ह्या खेपेला दुसऱ्या बाजूस जावयाचे, असा नियम होता. जागेपणीचे ते तरंग उमटताक्षणीच विजेच्या किंचित धक्क्याने मोडले असता उंदराला हा नियम नीट शिकता येईना. तोच धक्का थोड्या उशिराने दिला तर शिकण्यात अडथळा येत नसे. थबकून मागची वाट मनात घोळविणे हा शिकण्याचाच भाग आहे, असे ह्यावरून दिसते. गृहपाठ करताना खिडकीबाहेर पाहत बसलेल्या मुलाला रागे भरण्यापूर्वी आपण हा उंदीर आठवावा!

आता उपकरणांकडे वळू, कारण ह्या साऱ्या शोधांमागे कसबी हातांचे काम आहे. पितळेच्या भांड्यांची आणि कोशाच्या वस्त्रांची परंपरा असलेल्या ह्या जिल्ह्याला बारीक कामाचे मोल वेगळे सांगावयास नको. पहिली अडचण अशी की, एकाच तारेवर शेजारच्या तीनचार पेशींचे आवाज मिसळून येतात. त्यावर उपाय म्हणून चार अतिशय बारीक तारांना पीळ देऊन एक दोरा करण्यात आला. १९९३ च्या सुमारास ही चौतारी पद्धत रूढ होऊ लागली. मंडईच्या चौकात चार कोपऱ्यांवर चार माणसे बसविली, तर एकच आरोळी एकाला मोठी व दुसऱ्याला लहान ऐकू येईल, आणि ताळा घेतल्यावर ओरडणारा कोणता हे सांगता येईल. चौतारीचे गणित असेच आहे. दुसरी अडचण म्हणजे मेंदू कवटीत किंचित हलतो आणि पेशी निसटते. त्यासाठी डोक्यावरच्या चिमुकल्या यंत्रात सूक्ष्म आट्यांचा स्क्रू ठेवून तार रोज केसाएवढी खालीवर करण्याची सोय केली. तिसरी अडचण अशी की, प्राणी गरगर फिरला की तारेला पीळ बसतो. त्याकरिता वर फिरती जोडणी आली. त्यानंतर घड्याळे व गणकयंत्रे बनविणारी सिलिकॉनची विद्या ह्या कामी लागली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘न्यूरोपिक्सेल्स’ नावाच्या सुईची लांबी १० मिलिमीटर, रुंदी ७० मायक्रॉन आणि जाडी २० मायक्रॉन असून, तिच्यावर ९६० टिपणबिंदू आहेत. त्यांपैकी ३८४ एकाच वेळी ऐकता येतात. ह्यूबेल ह्यांच्या हाती एक कान होता, त्यांच्या वारसांच्या हाती शेकडो आहेत.

उपकरण हलके होत गेले तसा प्राणीही लहान निवडता आला. झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पक्षी, वजन सुमारे १२ ते १५ ग्रॅम. आपल्या धानाच्या शेतावर थव्याने उतरणाऱ्या मुनियांच्याच कुळातला. ह्यातील नर लहानपणी बापाचे गाणे ऐकून ते पाठ करतो. अमेरिकेतील मिशेल फी आणि लिओनार्दो ह्यांनी २००१ मध्ये ह्या चिमण्या जिवाच्या डोक्यावर बसेल असे, इवल्या मोटारीने तार हलविणारे यंत्र बनविले. गात असलेल्या पक्ष्यांवर असे यंत्र बसवून २००२ मध्ये दिसले की, गाण्याच्या केंद्रातील काही पेशी संपूर्ण चरणात फक्त एकदाच, काही सहस्रांश सेकंदापुरत्या बोलतात. प्रत्येकीचा क्षण ठरलेला. भजनी मंडळातल्या प्रत्येकाने एकच टाळ एकदाच वाजवावा आणि तरी अभंग अखंड चालावा, तसा हा प्रकार आहे.

पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत राघव राजन ह्यांची प्रयोगशाळा ह्याच पक्ष्यावर काम करते. बंगळुरात विद्यार्थी असताना उंदीर एका हुंगण्यातच वास डावीकडचा की उजवीकडचा हे ओळखतो, असे दाखविणाऱ्या २००६ च्या निबंधात ते सहभागी होते. पुढे अमेरिकेत अॅलिसन डूप ह्यांच्याबरोबर त्यांनी फिंचच्या गाण्याच्या आरंभाकडे लक्ष वेधले. हा पक्षी एकदम गाऊ लागत नाही. आधी एकच छोटा सूर काही वेळा काढतो. दोन सुरांतील अंतर कमी होत जाते, आणि मग गाणे सुरू होते. गाण्याच्या अगदी आधीच्या सुरापर्यंत मेंदूतील पेशींचे बोलणे दर खेपेला एका ठराविक स्थितीला येऊन पोहोचते, असे २०१३ मध्ये त्यांनी मांडले. गवई मैफिलीत तंबोऱ्याशी सूर जुळवितो ते श्रोत्यांसाठी नव्हे, स्वतःच्या तयारीसाठी. पाखराच्या डोक्यातही तशीच जुळवाजुळव चालते. जे हालचालीचा आरंभच करू शकत नाहीत, अशा कंपवाताच्या रोग्यांचा विचार केला म्हणजे ‘आरंभ कसा होतो’ हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते कळेल.

शेवटची बेडी होती ती वर जाणाऱ्या तारेची. टिपण बिनतारी पाठविता किंवा डोक्यावरच्या यंत्रातच साठविता येऊ लागले आणि ती बेडीही तुटली. इस्रायलातील उलानोव्हस्की व यार्त्सेव्ह ह्यांनी २०१३ मध्ये उडत्या वटवाघळांच्या स्थानपेशी दाखविल्या. उंदराच्या पेशी जमिनीवरची जागा सांगतात, वटवाघळाच्या पेशी हवेतली उंचीसुद्धा सांगतात. २०२१ मध्ये २०० मीटर लांबीच्या बोगद्यात आणि त्यानंतर २०२५ मध्ये टांझानियाच्या किनाऱ्यापलीकडील एका निर्जन बेटावर उघड्या आकाशाखाली वटवाघळांच्या मेंदूतील पेशींचे टिपण झाले. २०१६ मध्ये गॅलापागोस बेटांजवळच्या फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारे यंत्र बसविले, तेव्हा असे आढळले की हा पक्षी समुद्रावर दिवसचे दिवस उडत असताना उडता उडताच झोपतो, आणि तीही दिवसाकाठी सरासरी ४२ मिनिटेच. येथे पेशी नव्हे, लहरीच ऐकल्या होत्या. पण पिंजऱ्यात हे कोणत्याही उपायाने कळले नसते.

एवढे सांगून थांबलो तर कहाणी गोड होईल, परंतु अर्धी होईल. तार बसविण्याचे काम भूल देऊन होते, आणि मेंदूच्या पेशीजालाला स्वतःला वेदना कळत नाही, हे खरे आहे. तरी कवटीला छिद्र पाडावे लागते, जखम भरावी लागते, आणि तारेभोवती काही काळाने मेंदू स्वतःच कवच धरतो. बहुतेक प्रयोगांत शेवटी तार नेमकी कोठे होती हे पाहण्यासाठी तो उंदीर मारून त्याचा मेंदू तपासतात. ज्याला आपण मुक्त प्राणी म्हणतो तो ह्या अर्थाने मुक्त नसतो. त्याची संमती कोणी घेतलेली नसते आणि घेता येणारही नाही.

ह्या प्रश्नाकडे आपल्या देशाने लवकर पाहिले. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी १९५३ मध्ये राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक आणले, आणि त्या प्रयत्नांतून १९६० चा कायदा झाला. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी देखरेख-समितीची तरतूद त्यात आहे, आणि १९९८ च्या नियमांनी ती अधिक काटेकोर झाली. इंग्लंडात रसेल व बर्च ह्यांनी १९५९ मध्ये तीन सूत्रे सांगितली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग धरा, प्राण्यांची संख्या कमी करा, आणि त्रास कमी करा. एका सुईवर शेकडो पेशी ऐकू येऊ लागल्यामुळे पूर्वी जे पुष्कळ उंदरांकडून कळे ते थोड्यांकडून कळते, हा उपकरणाचा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

दुसरा धोका ऐकण्याचा नसून सांगण्याचा आहे. होसे देल्गादो ह्यांनी १९६३ मध्ये स्पेनमधील कॉर्दोबा येथे, मेंदूत तार व रेडिओ-यंत्र बसविलेला वळू अंगावर धावून येत असता, हातातील बटण दाबून त्याला थांबविले. त्या वेळी जगभर खळबळ उडाली. वळू थांबला तो समजून थांबला की अंग वळल्यामुळे थांबला, ह्यावर वाद झाला. परंतु लोकांच्या मनात आलेली शंका खोटी नव्हती. जी तार मेंदूचे ऐकते तीच त्याला हुकूमही देऊ शकते. २००४ मध्ये अमेरिकेत मानेखालचे सर्व शरीर लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत ९६ टोकांची चकती बसविली, आणि केवळ मनातल्या इच्छेने तो पडद्यावरचा बाण हलवू लागला. ती चकती प्राण्यांवरील वर्षानुवर्षांच्या कामातूनच आली होती. त्या तरुणाला विचारले होते, त्याने होकार दिला होता. माणसाच्या डोक्यात तार घालणाऱ्या प्रत्येकाने हा होकार आधी दाखविला पाहिजे, आणि मेंदूचे टिपण कोणाच्या मालकीचे ह्याचेही उत्तर दिले पाहिजे. हा प्रश्न वैज्ञानिकांवर सोपवून आपण घरी जाऊ नये. तो नागरिकांचा आहे.

आता पुन्हा जयकडे. त्याच्या डोक्यात कोणी तार घातली नव्हती आणि घालूही नये. वाघाच्या स्थानपेशी कोणी ऐकलेल्या नाहीत. परंतु उंदीर व वटवाघूळ ह्यांच्या मेंदूंत जी व्यवस्था दिसली, ती पाहता त्याच्याही मनात आपल्या ह्या मुलखाचा काही नकाशा होता असे मानणे सयुक्तिक ठरेल. त्या नकाशात आपले तलाव असतील, आपली धानाची बांधी असेल, रात्री ओलांडलेला रस्ता असेल. वाट अडविणारे विजेचे कुंपण किंवा नवा रुंद रस्ता आपण बांधतो तेव्हा त्याचा तो नकाशा आपण खोटा पाडतो. उंदरांनी आपल्या डोक्यांची किंमत देऊन आपल्याला एवढे शिकविले आहे की जनावराला ‘येथे’ आणि ‘तेथे’ कळते. नव्या रस्त्याची आणि नव्या कुंपणाची आखणी पुढे येईल तेव्हा आपल्या ग्रामसभेत एखाद्याने उठून जंगलाची वाट कोठून जाते असे विचारावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.